तोंडी वाट

रीबूट मीच केला, ते आधी सांगून टाकते.
एक हजार एकशे बारा दिवस डोळा न लागलेला सर्व्हर.
बिश्केकहून हुकूम आला, अपडेट लावा.
लावलं. एंटर दाबलं.
पंखे थांबले, पुन्हा घरघरले,
आणि नारिनच्या जलमापन कचेरीतून
तलाव दिसेनासा झाला.

तलाव वर आहे, साडेतीन हजार मीटरवर,
हिमनदीच्या तोंडाशी.
दर दहा मिनिटांनी आपली उंची कळवतो,
ती आम्ही इथं वाचतो,
म्हणून खाली ताश-बुलाकमध्ये लोक
दार नुसतं लोटून झोपतात.
शेवटचा आकडा अकरा चाळीसचा.
जूनचा तिसरा आठवडा. बर्फ सुटायचे दिवस.

केबल काढली, फुंकली, घातली.
हिरवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे तार जिवंत.
पत्ता बरोबर. शेजारच्या मशीनला हाक मारली,
तिनं ओ दिली.
गेटवेनंही दिली.
मग म्हटलं, तलावापर्यंत पाऊल-पाऊल जा आणि सांग
वाटेत कोण कोण भेटलं.
पहिलं पाऊल: आपलंच दार.
दुसरं: * * *
तिसरं: * * *
तिसाव्या पावलापर्यंत तीन-तीन चांदण्या.
उत्तर नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

तुर्सुन पहारेकरी चहा ठेवून गेला.
जाता जाता म्हणाला,
"एकदा बंद करून चालू करून बघ की."

दोनच्या सुमारास कळलं.
फाईलमध्ये वाट लिहिलेलीच नव्हती. कधीच नव्हती.
तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा संध्याकाळी
जुमाकादिरनं ती हातानं टाइप केली असणार,
तलाव दिसला, त्यानं दिवा मालवला
आणि टोपी घालून घरी गेला.
मशीननं जागेपणी लक्षात ठेवलं.
झोपवलं मी.

जुमाकादिर आता निवृत्त. उन्हाळी कुरणावर, घोड्यांपाशी.
घोडी सोडायला टेकाडावर चढला तरच रेंज.
चार वीसला, सतराव्या वेळी, फोन लागला.
"कोण?"
"बेगिमाय. कचेरीतून."
"कुणाची बेगिमाय?"
हा आमच्याकडचा जुना प्रश्न. उत्तर सात बापांचं असतं.
बाप, आजा, पणजा, त्याचा बाप,
आणि मी अडले.
त्यानं मला अडू दिलं. वारा ऐकू येत होता.

मग मी तलावाचं सांगितलं.
म्हातारा क्षणभरही थांबला नाही:
दहा, चौदा, शून्य, शून्य.
तिकडं जाणारं सगळं नऊ नंबरच्या जुन्या राउटरच्या हाती दे,
थोरल्या गेटवेला डोंगर चढायचं ठाऊकच नाही.
एका दमात म्हणाला,
त्याचे सात बापही तो असेच म्हणत असेल.

"लिहून का नाही ठेवलंत?"
"विसरत असतो तर लिहिलं असतं."

मी टाइप केलं.
सहाशे चाळीस मिलिसेकंद, उपग्रहाला वळसा घालून,
तलाव बोलला.
पाच तासांत सहा सेंटिमीटर चढलाय.
धोक्याची रेघ अजून वर आहे, बरीच नाही.

मग फाईल उघडली. वाट लिहिली.
एकदा वाचली, शून्यं मोजली, सेव्ह केली.
आता खरी भीती.
लिहिलेलं नीट लिहिलंय का,
हे मशीनला पुन्हा विसरायला लावल्याशिवाय कळत नाही.
तुर्सुन दारात उभा, रिकामी किटली हातात.
मी त्याच्याकडे न बघता रीबूट दिला.

पंखे थांबले.
समोर चहाचा डाग पडलेला कागद होता,
त्यावर मी चार नावं लिहिली, कशाला कोण जाणे.
फोन टेबलावर तसाच चालू,
आत एक घोडी फुरफुरते आहे.
"आला का?" जुमाकादिर विचारतो.
"थांबा," मी म्हणते,
"आणि माझा पाचवा कोण, ते तुम्हाला माहीत असेल तर—"
तेवढ्यात रेंज गेली.
पंखा फिरू लागला.